बाग ८४ दिवसांची

२२ डिसेंबर, बाग ७५ दिवसांची

कॉलेजकडून मध्यावधी अहवालाचा फॉर्म आला. द्राक्षबागेतल्या इंटर्नशिपच्या सहा महिन्यांपैकी तीन ३१ तारखेला भरतात. चार चौकटी आहेत: शिकलेली कौशल्ये, आलेल्या अडचणी, यजमान शेतकऱ्याचा अभिप्राय, पुढील नियोजन. प्रत्येकीला पाच ओळी. इथे माझं दोनशे पानी रजिस्टर निम्म्याच्या वर भरलंय. त्यातलं काय पाच ओळींत बसवायचं ते सुचेना, म्हणून ठरवलं की रोजच्या नोंदीसोबत मागची पानंही वाचायची. रात्री जेवणं झाली की अर्धा तास.

रजिस्टरच्या पहिल्या पानावरची माहिती पुन्हा उतरवते, फॉर्मला लागेल. निफाड तालुका. अडीच एकर थॉमसन द्राक्षं, डॉगरिज खुंटावर, ९ बाय ५ फुटांवर, वाय पद्धतीचा मांडव. ३६ ओळी, ओळीत ६६ झाडं, मेलेली-वाळलेली वजा जाता २३४०. वेलीला इथे झाडच म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी 'वेल' म्हटलं की टोळीतल्या बाया एकमेकींकडे बघून हसायच्या.

तारीख इथे कुणी विचारत नाही. दोन बागायतदार भेटले की 'कितवा दिवस?' आमची गोडी छाटणी ८ ऑक्टोबरला झाली, तेव्हापासूनची मोजणी. आमच्या लांज्याला काजूच्या झाडाला त्याचं वय कुणी वर्षांतही सांगत नाही. मोहोर आला की बघायला जायचं, बी पडली की गोळा करायला जायचं. इथे रोज पहाटे बॅटरी घेऊन पानाची मागची बाजू बघतात. घरी फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे तान्हं मूलच की गो."

२३ डिसेंबर, दिवस ७६

सकाळी कॅलिपरने मणी मोजले, नेहमीची दहा झाडं. सरासरी १४.८ मिमी. दादाला सांगितलं, तो खूष. (दादा म्हणजे यजमान शेतकरी तात्यांचा मुलगा. फवारणी आणि हिशेब त्याच्याकडे, बागेतलं बाकी सगळं तात्या बघतात.)

रात्री ऑक्टोबर वाचला. बरीच पानं म्हणजे पुस्तकी प्रश्न आहेत. 'वर्षाला दोन छाटण्या आणि पीक एक, असं का?' हे मी अक्षरशः विचारलं होतं. एप्रिलला खरड छाटणी, तिच्यात काड्या तयार होतात आणि पुढच्या पिकाचे घड डोळ्यांत बसतात. ऑक्टोबरला गोडी छाटणी, तेव्हा ते बाहेर पडतात. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते आणि वसंत लागला की एकदम जागी होते. आपल्याकडे तशी झोपच लागत नाही, म्हणून तिला कात्रीने नि औषधाने उठवावं लागतं.

ते औषध म्हणजे पेस्ट, हायड्रोजन सायनामाईड. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना लावायचं, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. कुठली काडी राहिली ते दिसावं म्हणून त्यात लाल रंग घालतात. बागभर लाल टोकांच्या काड्या, आणि चौदा माणसांचे हातमोजे कोपरापर्यंत लाल. ९ ऑक्टोबरची माझी नोंद: 'मुकादम सकाळी ओरडून सांगत होता, आज नि उद्या कुणी घ्यायची नाही. मला वाटलं कामात दारू नको म्हणून.' कारण वेगळंच होतं. हे औषध अंगात गेलेलं असताना वर दारू पोटात गेली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, माणूस दवाखान्यात जातो. डब्याच्या लेबलवर हे लिहिलेलं आहे, बारीक अक्षरात. मुकादमाला लेबल वाचता येत नाही. त्याला हे एका माणसाचं झालेलं बघून माहीत आहे.

२५ डिसेंबर, दिवस ७८

दुपारनंतर सुट्टी. काकूंच्या भाच्यांसोबत नांदूर मध्यमेश्वरला जाऊन आले. महाराष्ट्रातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागा, २०२० साली जाहीर झालेली. पक्षी खूप होते, दुर्बीण एकच होती, आणि भाचे चार.

२६ डिसेंबर, दिवस ७९

रात्री अडीचला दादाने दार वाजवलं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा सहाच्या आसपास घुटमळतोय, राज्यातली थंडी मोजायची तर सगळे तिथलाच आकडा बघतात. दिवसपाळीची लाईट नव्हती, रात्रीची थ्री फेज होती, म्हणून पंप चालू करून ठिबक सोडलं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, मुळाशी थोडी ऊब जाते. मग बांधाच्या कडेने शेकोट्या. छाटणीच्या वाळलेल्या काड्या खास यासाठी रचून ठेवलेल्या असतात, वर ओला पालापाचोळा टाकायचा म्हणजे धूर धरतो.

पहाटे पाचला बागेत उभं राहिलं की वर मांडवाच्या तारा, खाली धूर, आणि मधल्या पट्ट्यात घड लोंबतायत. हात बधिर झालेले. तात्या कानाला उपरणं गुंडाळून ओळीओळीतून फिरत होते. अधूनमधून एखादा मणी दोन बोटांत धरून दाबत आणि सोडून देत. "अजून कडक आहे," म्हणाले. मणी मऊ पडायला लागला की पाणी उतरलं म्हणतात. त्यापुढे साखर. त्याच दिवसांत कडाक्याची रात्र आणि तापलेली दुपार एकामागोमाग आली की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. चवीला काही वाईट नसते, पण निर्यातीच्या पेटीत हिरव्या घडात चार गुलाबी मणी चालत नाहीत. म्हणून पाणी उतरायच्या आधी घडांना पेपर लावायचे. उद्यापासून ते काम.

२७ डिसेंबर, दिवस ८०

पेपर सुरू. वर्तमानपत्राचं एक पान दुभागायचं, घडाभोवती गुंडाळायचं, वर स्टेपलर. रद्दी पिंपळगावहून आणली. घडांचा आकडा माझाच: झाडाला सरासरी २७, गुणिले २३४०, म्हणजे ६३,१८०. वर थोडे धरून ६४ हजारांची रद्दी. स्वतःचा आकडा कामाला येताना बघून बरं वाटलं, उगाच नाही म्हणत.

टोळी सुरगाण्याकडची, तीच चौदा माणसं जी छाटणीपासून आहेत. दिवाळीला चार दिवस गावी गेली होती आणि नेमकी तेव्हा फेलफुटी (जादा कोंब) काढायची होती, त्या चार दिवसांत तात्या आणि काकूंच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलंय. विरळणीत, म्हणजे घडातले जादा मणी काढताना, ज्या मावशींच्या शेजारी मी बसायचे, त्या आज पेपर लावताना मला बातम्या वाचून दाखवायला सांगत होत्या. अर्ध्या फाटलेल्या बातम्या. एका मंत्र्याचं भाषण घडाच्या मागे गेलं.

रात्री नोव्हेंबर वाचला. फुलोऱ्याच्या तोंडावर पडलेला पाऊस, दिवस ३६. नोंदीत तीनच शब्द आहेत: 'पाऊस. झोप नाही.' दादाने रात्रभर मोकळा ब्लोअर फिरवला होता, नुसत्या वाऱ्याने घडांतलं पाणी झटकायला. घडात पाणी साचलं की कूज, आणि पाठोपाठ डाऊनी हा बुरशीचा रोग. बाग वाचली. बांधाच्या पलीकडच्यांची निम्मी गेली.

पुढचं पान जीएचं, मणी फुगवायच्या औषधाचं. जिबरेलिक अ‍ॅसिडची पूड मी सरळ पाण्याच्या बादलीत टाकली होती. ती वरच तरंगत राहिली, ढवळून हात दुखले तरी. दादाने दुसरी पुडी आणली, आधी थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवली, मग पाण्यात. १०० लिटरला ४ ग्रॅम म्हणजे ४० पीपीएम. हे गणित मी परीक्षेत तीन वेळा सोडवलंय आणि तिन्ही वेळा पूर्ण मार्क आहेत. पूड पाण्यात सहज विरघळत नाही हे त्या गणितात कुठे नव्हतं.

२८ डिसेंबर, दिवस ८१

फवारणी रजिस्टर अद्ययावत केलं. हे माझं सगळ्यात जबाबदारीचं काम, आणि सगळ्यात कंटाळवाणं. प्लॉट अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेटवर, निर्यातीच्या बागांच्या यादीत, नोंदलेला आहे. कुठलं औषध, कधी, किती, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं, सगळं लिहायचं. काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जाणार आणि तिथला अहवाल या रजिस्टरशी जुळला पाहिजे. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. त्याला इथे सीसीसी म्हणतात, शेंड्याची वाढ रोखायला वापरायचे. त्याची झळ लागलेली माणसं गावात आहेत. तात्या तो विषय निघाला की अजूनही तंबाखू थुंकून येतात आणि मग बोलतात.

पेपर १८ ओळी पूर्ण.

२९ डिसेंबर, दिवस ८२

पेपर संपले.

दुपारी तीन वाजता मुकादम शेडवर आला, म्हणाला, रद्दी कुठं ठेवली? मी म्हटलं, सगळी तुमच्याकडेच. तो म्हणाला, सहा ओळी राहिल्यात. मला वाटलं वाया घालवले असतील. फाटले, वाऱ्याने उडाले, चुली पेटवायला नेले. हे मी तोंडाने बोलले नाही, पण मनात हेच आलं, ते इथे लिहून ठेवते. मग मी आत गेले, एकविसाव्या ओळीत. फाटलेले पेपर खाली मोजून पाच-सहा होते. म्हणून वर बघितलं आणि एका झाडाचे पेपर मोजले. ३५. पुढचं झाड ३३. पुढचं ३४.

पहिल्या ओळीत येऊन मोजले. २७. २६. २८.

तिथेच बसून राहिले जरा वेळ. पश्चिमेच्या बांधावर दोन चिंचा आणि कडुलिंबांची रांग आहे. दुपार कलली की त्यांची सावली पहिल्या चार ओळींवर येते. २९ ऑक्टोबरला मी घड मोजले तेव्हा उन्हाने अंग भाजत होतं. वीस झाडं मोजायची होती, आणि मी वीसच्या वीस त्या सावलीत बसून मोजली. रजिस्टरमध्ये लिहिलंही आहे, 'ओळ १ ते ४, प्रत्येकी ५ झाडं'. मला ती पद्धतशीर वाटली होती.

एप्रिल-मे-जूनमध्ये डोळ्यांत घड बसत असताना काडीवर ऊन कमी पडलं, तर घड कमी निघतात. हेसुद्धा माझ्या रजिस्टरमध्ये आहे, ऑक्टोबरच्या सहाव्या पानावर, माझ्याच अक्षरात, लाल पेनने अधोरेखित. ज्या सावलीत मी सुखाने बसले तिच्यामुळेच तिथे घड कमी होते.

दादाला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "ताई, रद्दीचं सोड. साइज?"

३० डिसेंबर, दिवस ८३

पुन्हा मोजणी. या वेळी ओळ ३, ६, ९ करत ३६ पर्यंत, म्हणजे बारा ओळी. प्रत्येक ओळीत ठरलेल्या अंतराने सहा झाडं. जिथे नंबर पडेल तेच झाड, आवडो न आवडो. एकूण ७२. सकाळी सातला सुरू केलं, दुपारी दोनला संपलं.

तिसरी ओळ २७. बाकीच्या अकरा ओळी, सरासरी ३४. झाडाला ४५ चौरस फूट जागा मिळते आणि निर्यातीसाठी दीड चौरस फुटाला एक घड धरतात, म्हणजे ३० हवेत. मी २७ सांगितले होते, म्हणून प्रीब्लूमला, फुलोऱ्याआधी, एकही घड काढला नव्हता. बत्तीस ओळींत प्रत्येक झाड चार घड जास्तीचे वाढवतंय.

मग कॅलिपर. माझी 'नेहमीची दहा झाडं' कुठली असतील? पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतली. शेडपासून जवळ. तिथे १५ मिमी. एकविसाव्या ओळीत १३.१. दर आठवड्याला मी दादाला सावलीतल्या कमी घडांच्या झाडांची साइज सांगत होते आणि तो खूष होत होता.

तात्यांना हे आधी का दिसलं नाही, हा प्रश्न मला पडला. उत्तर रजिस्टरमध्येच होतं. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर धूळ नि फवारा वर्ज्य, डोळ्यावर हिरवं फडकं. म्हणूनच मोजणी माझ्याकडे आली होती. डिसेंबरच्या सुरुवातीला ते बागेत परत आले तेव्हा म्हणाले होते, "आत घड दाट वाटतात रे." दादाने त्यांना माझं रजिस्टर दाखवलं. २७. तात्या बरं म्हणाले आणि चष्मा पुसला. मी तिथेच होते, चहाचे कप घेऊन.

आज रात्री त्यांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले.

३१ डिसेंबर, दिवस ८४

आज इंटर्नशिपचा मध्य. फॉर्म अजून कोरा आहे.

आज रजिस्टर निराळ्या नजरेने वाचलं, पोलिसासारखं. तीन नोंदी सापडल्या. जशाच्या तशा उतरवते.

२८ नोव्हेंबर, दिवस ५१, पहिलं डिपिंग (घड जीएच्या द्रावणात बुडवणं): 'द्रावण अंदाजाच्या जवळपास सव्वापट लागलं. मगांतून सांडलवंड फार. मुकादमाला सांगणे.'

४ डिसेंबर, दिवस ५७, समासात पेन्सिलने: 'मावशी: आतल्या ओळींना घड लय आहेत?'

१० डिसेंबर, दिवस ६३: 'विरळणी ८ दिवसांत व्हायला हवी होती, १० लागतायत. टोळी दुपारनंतर रेंगाळते.'

२७ ला ३४ म्हणजे सव्वापट. द्रावण सव्वापट. आठाचे दहा दिवस, सव्वापट. आकडा तीनदा माझ्या दारात येऊन उभा राहिला, आणि तिन्ही वेळा मी माणसांना दोष दिला किंवा प्रश्नचिन्ह काढून पान उलटलं. मावशींनी तर सरळ शब्दांत सांगितलं होतं. त्या प्रश्नार्थक बोलल्याच नव्हत्या, ते चिन्ह माझं आहे.

विरळणी कशी असते ते फॉर्मला सांगायला पाच ओळी पुरणार नाहीत, तर इथे लिहिते. घड डाव्या तळहातावर घ्यायचा. मणी ज्वारीपेक्षा थोडे मोठे झालेले असतात. उजव्या हातात अरुंद टोकाची कात्री. घडाला फाट्या असतात, त्यांना पाकळ्या म्हणतात. वरच्या ठेवायच्या, मधल्या एकाआड एक काढायच्या, शेंडा खुडायचा. आतले मणी टोचायचे नाहीत. एका टोचलेल्या मण्याचा रस दुसऱ्यावर गेला की तिथून सड. मान वर, हात वर, डोळ्यांत धूळ. मला एका घडाला तीन मिनिटं लागायची आणि मावशींना एकाहून कमी, तेही बोलत बोलत. मी दोन तास केलं आणि खांदे गेले. त्यांनी दहा दिवस केलं, आणि काम एकरी उक्तं घेतलेलं. घड २७ असोत की ३४, पैसे तेवढेच. माझ्या मोजणीमुळे त्यांचे दोन दिवस फुकट गेले आणि वर मी लिहिलं, रेंगाळतात.

ती ओळ खोडली नाही. खोडली तर वाचता येणार नाही. शेजारी लिहिलं: 'चूक. पाहा ३१ डिसेंबर.'

दादाशी बोलले. तो म्हणाला एकरी ठरलं होतं, आता मागे कसं जायचं. मी म्हटलं, ठरलं तेव्हा २७ घडांचं ठरलं होतं. तो म्हणाला, तेव्हा कुणी घड मोजलेच नव्हते ताई, एकर मोजला होता. हे खरं आहे, आणि तरी बरोबर नाही. शेवटी म्हणाला, होळीच्या हिशेबाला बघू. मी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर 'बाकी' असं शीर्षक घातलं आणि पहिली ओळ लिहिली: विरळणी, २ दिवस, १४ माणसं. तात्यांनी वाचलं. काही बोलले नाहीत, पण पान बंदही केलं नाही.

१ जानेवारी, दिवस ८५

सकाळी सहाला तात्या दोन कात्र्या घेऊन शेडबाहेर उभे. एक मला दिली.

जास्तीचे घड काढायचे. खरं तर हे काम फुटीला पाच-सहा पानं आली की, घड करंगळीएवढे असताना करायचं असतं, नखाने खुडता येतात. आता भरलेले हिरवे घड, दोन महिने डिपिंग, विरळणी, फवारणी, शेकोट्या सगळं झालेले. पण पाणी उतरताना मणी पुन्हा एकदा फुगतो, तेवढी एक संधी उरलीय. चार घड कमी झाले तर उरलेले तीस १६ मिमीच्या पुढे जातील. नाही गेले तर सगळाच माल लोकल बाजारात.

कुठले काढायचे ते तात्यांनी दाखवलं: लहान, वाकडा, काडीच्या सावलीत दबलेला, दोन घड एकमेकांवर घासत असतील तर त्यातला खालचा. पहिला मी कापला. दहा घडांचं वजन केलं, २ किलो १०० ग्रॅम. ३२ ओळी, ओळीत ६५ धरून, झाडाला चार, म्हणजे ८,३२० घड. पावणेदोन टन. हे मी तात्यांना सांगितलं नाही, त्यांचं गणित माझ्या आधी झालेलं असतं.

एका बाईने विचारलं, शेळ्यांना नेऊ का? दादाने नाही म्हटलं, औषधाचे दिवस अजून भरलेले नाहीत. सगळे घड खड्ड्यात.

कापलेल्या घडांचे पेपर मात्र मावशी सोडून, सरळ करून, टोपलीत ठेवत होत्या. मला आधी कळलं नाही कशासाठी. राहिलेल्या सहा ओळींसाठी. २६ ओळींतून ६,७६० पेपर सुटणार, सहा ओळींना आता ११,७०० लागणार. म्हणजे पिंपळगावहून पाच हजारांच्या आतच आणायचे. हा हिशेब त्यांनी टोपलीने केला होता, मी नंतर आकड्यांत मांडला.

आजचं काम उक्तं नाही, रोजाने. ते तात्यांनीच मुकादमाला सांगितलं.

२ जानेवारी, दिवस ८६

घडकापणी २० ओळी. मानेला पट्टा लावल्यासारखं झालंय.

फॉर्म भरला. 'शिकलेली कौशल्ये' मध्ये जीए द्रावण तयार करणे, घडविरळणी, फवारणी नोंदी. 'अडचणी' मध्ये मोजणीची चूक पाच ओळींत, आणि अक्षर बारीक करून समासात आणखी तीन. मार्गदर्शक सर काय म्हणतील ते म्हणोत. अभिप्रायाची चौकट तात्यांकडे दिली. ते म्हणाले, "काय लिहू?" मी म्हटलं, खरं ते. त्यांनी फॉर्म घडी करून खिशात टाकला, तो अजून खिशातच आहे, नि सदरा आज धुवायला गेलाय. काकूंना विचारायला हवं.

३ जानेवारी, दिवस ८७

घडकापणी पूर्ण. पेपर उद्या.

मोजायची झाडं बदलली. आता तीस: आतल्या ओळींत वीस, कडेच्या ओळींत पाच, सावलीत पाच. प्रत्येकावर पिवळी रिबन. सावलीतल्या पाच झाडांचे आकडे रजिस्टरमध्ये वेगळ्या रकान्यात, सरासरीत मिसळायचे नाहीत. एकविसाव्या ओळीत आज १३.४.

मावशींना विचारलं, त्या दिवशी घड जास्त आहेत असं तुम्ही मला सांगितलंत, मग पुन्हा का नाही बोललात? म्हणाल्या, "तू लिहून घेतलंस ना. मला वाटलं, लिहिलं म्हणजे झालं."

४ जानेवारी, दिवस ८८

पहाटे तात्यांसोबत फिरले. थंडी कमी, दव पुष्कळ. भुरी रोगासाठी पानं उलटून बघितली, नाही. दुसऱ्या ओळीत, चिंचेच्या बाजूला, पेपरची कड उचलून त्यांनी एक मणी दोन बोटांत दाबला आणि माझ्याकडे वळून मान हलवली. मी पण दाबला. गेले आठवडाभर दाबत होते तो गोटीसारखा होता, हा किंचित आत गेला. पाणी उतरलं. कमी घडांची झाडं आधी पिकणार, त्यामुळे सुरुवात माझ्याच सावलीतून झाली.

एकविसाव्या ओळीत अजून कडक.

सदरा वाळत घातलाय. फॉर्म काकूंनी आधीच काढून देवघरात ठेवला होता. अभिप्रायाच्या चौकटीत पेन्सिलने एवढंच आहे: 'मुलगी परत मोजते.' खाली सही, ती पेनने.

सहा ओळींचे पेपर दुपारी सुरू.